एकाकीपणाचा नियम : क्रीडा-मासेमारीची बोट आणि हेमिंग्वेचा म्हातारा कोळी

अर्नेस्ट हेमिंग्वेच्या 'द ओल्ड मॅन अँड द सी' (१९५२) या लघुकादंबरीचे अध्यापन आपल्याकडे प्रायः 'मानव आणि निसर्ग यांचा संघर्ष' या सूत्राच्या आधारे केले जाते. ८४ दिवस रिकाम्या हाताने परतणारा सांतियागो, ८५ व्या दिवशी त्याच्या गळाला लागलेला प्रचंड मार्लिन, तीन दिवसांची झुंज, शार्कांनी केलेली लूट आणि अखेरीस उरलेला सांगाडा एवढ्या सामग्रीतून धैर्य, सहनशीलता, पराभवातील विजय, ख्रिस्ताच्या यातनांचे सूचन इत्यादी आशयसूत्रे उलगडून दाखविली जातात. हे वाचन चुकीचे आहे असे म्हणता येणार नाही. कृतीतच त्याला भरपूर आधार आहे. मात्र या वाचनात एक वस्तू कायम दृष्टिआड राहते. ज्या बोटीवरून हेमिंग्वेने हा समुद्र वर्षानुवर्षे पाहिला ती बोट म्हणजे कोळ्याची होडी नव्हती. ३८ फूट लांबीची, दोन इंजिनांची, छंदासाठी बांधलेली ती क्रीडा-मासेमारीची बोट होती.

सांतियागोचे एकाकीपण कोळ्याच्या जीवनातून जेवढे आले आहे, त्याहून अधिक ते क्रीडा-मासेमारीच्या नियमातून आले आहे, असे प्रतिपादन प्रस्तुत लेखात केले आहे. हेमिंग्वेच्या समुद्रविषयक लेखनाचे मूल्यमापन करताना त्या नियमाने कोणाचे श्रम मोजले आणि कोणाचे मोजले नाहीत, हा प्रश्न टाळता येत नाही.

नियमाची जडणघडण

कोकणात गळाने मासे धरण्याला 'गरवणे' असा नेटका शब्द आहे. गरवणाऱ्याला पाण्याकाठी बसण्याची मौज असतेच. पण त्याचे मन संध्याकाळच्या कालवणाकडेही असते. क्रीडा-मासेमारीत मात्र मासा खाणे किंवा विकणे गौण असते. तिथे मुख्य असते ती नोंद : मासा किती वजनाचा, दोर किती ताणाचा आणि मासा कोणी, कसा आणला. या नोंदीच्या जगाचा प्रारंभ कॅलिफोर्नियाजवळच्या सांता कॅटलिना बेटावर झाला असे मानले जाते. १८९८ साली चार्ल्स फ्रेडरिक होल्डर याने तेथे १८३ पौंड वजनाचा ट्यूना गळकाठी आणि रीळ यांच्या साहाय्याने धरला आणि त्याच वर्षी अॅव्हलॉन येथे 'ट्यूना क्लब' स्थापन झाला. हाताने दोर ओढून मासे मारण्याची तेथील प्रथा क्लबाला मान्य नव्हती. माशाला सुटण्याची संधी मिळाली पाहिजे, म्हणून साधने हलकी असली पाहिजेत, असा त्यामागील विचार होता. या क्रीडेचा पहिला निर्णय हातदोराला हद्दपार करण्याचा होता ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे, कारण त्यानंतर ५४ वर्षांनी याच क्रीडेच्या सर्वांत प्रसिद्ध लेखकाने हातदोरालाच वीरत्व बहाल केले.

१९३९ मध्ये न्यूयॉर्क येथे 'इंटरनॅशनल गेम फिश असोसिएशन' ही संस्था स्थापन झाली. हेमिंग्वे पुढे तिचा उपाध्यक्ष होता. संस्थेच्या नियमांचे सार असे : मासा गळाला लागल्यापासून तो बोटीशी येईपर्यंत गळकाठी एकाच माणसाच्या हातात असली पाहिजे. दुसऱ्या कोणी काठीला, रिळाला किंवा दोराला स्पर्श केला, तर ती पकड नोंदीस अपात्र ठरते. मासा बोटीत घेण्यापूर्वी शार्कांनी त्याचे लचके तोडले असतील, तरीही ती अपात्रच.

वरवर पाहता हा न्याय्य खेळाचा नियम आहे. त्यात काय निषिद्ध आहे यापेक्षा काय निषिद्ध नाही हे पाहिले म्हणजे त्याचे स्वरूप उघड होते. सुकाणूवर बसलेल्या माणसाने माशाच्या प्रत्येक हालचालीनुसार बोट वळवली, इंजिन उलटे चालवून ती माशाच्या दिशेने मागे नेली, सुटलेला शेकडो वाव दोर अशा रीतीने परत मिळवून दिला, तर ते साहाय्य समजले जात नाही. आमिष कोणी शिवले, प्रवाह कोणी ओळखला, पक्ष्यांच्या घिरट्यांवरून मासळीचा ठाव कोणी लावला, अखेरीस माशाच्या अंगात लोखंडी आकडा कोणी रोवला, यांपैकी कशाचीही नोंद पकडणाऱ्याच्या नावापुढे होत नाही. बोटीवर तीन-चार माणसे असतात आणि विक्रम एकाचा असतो. या क्रीडेतील एकाकीपण हे अशा प्रकारे एक कायदेशीर कल्पित आहे.

'पिलार'

१९३४ मध्ये आफ्रिकेतील शिकारीहून परतल्यावर हेमिंग्वेने ब्रुकलिनच्या व्हीलर बोटबांधणी कारखान्याकडे आपली बोट मागविली. 'एस्क्वायर' मासिकाच्या संपादकाने भावी लेखांपोटी दिलेली आगाऊ रक्कम तिच्या खरेदीस उपयोगी पडली. किंमत सुमारे साडेसात हजार डॉलर होती आणि तो महामंदीचा काळ होता. कारखान्याच्या ठरावीक नमुन्यात त्याने काही बदल करवून घेतले. बोटीचा रंग पांढऱ्याऐवजी काळा ठेवला. ७५ अश्वशक्तीच्या मुख्य इंजिनाखेरीज आमिष ओढीत संथ फिरण्यासाठी ४० अश्वशक्तीचे दुसरे इंजिन बसविले. मागची कड सुमारे फूटभर खाली घेऊन तिच्यावर आडवा लाकडी रूळ बसविला, कारण मोठा मासा उचलून घेण्यापेक्षा रुळावरून सरकवून घेणे सोपे जाते. पुढे दोन्ही बाजूंना बाहेर झुकणारे लांब वासे आणि छतावर दुसरे सुकाणूही आले. बोटीचे नाव 'पिलार' ठेवले. ते त्याच्या दुसऱ्या पत्नीचे लाडके नाव होते आणि स्पेनमधील सारागोसा येथील तीर्थस्थानाचेही.

हा तपशील चरित्रातील कुतूहलापुरता नाही. 'पिलार' हे पाहण्याचे यंत्र होते. वरच्या सुकाणूवरून पाण्यातली जांभळी सावली होडीतल्या माणसाच्या कितीतरी आधी दिसते. गल्फ स्ट्रीमच्या कडेने दिवसभर, वाऱ्याची पर्वा न करता फिरता येते. गळाला लागलेला मासा खोल गेला तर त्याच्यामागे जाता येते. हेमिंग्वेच्या गद्यातील समुद्राची जी अचूकता सर्वमान्य आहे, पाण्याचा रंग, उडत्या माशांचे थवे, शेवाळाच्या पट्ट्या, ती इंजिनाने मिळवून दिलेली अचूकता आहे. बिमिनी बेटावर १९३५ मध्ये त्याने शार्कांचा दात न लागलेला प्रचंड ट्यूना आणला, तेव्हा त्याचे तंत्र होते घाईचे : शार्क गोळा होण्याआधी मासा थकवायचा, त्याला विसावा घेऊ द्यायचा नाही. ते तंत्र चालविण्यासाठी चपळ बोट हवी आणि सुकाणूवर जाणता हात हवा. शार्कांवर झाडण्यासाठी त्याने बोटीवर मशीनगनही ठेवली होती.

हे जाणते हात कोणाचे होते? प्रारंभी कार्लोस गुतिएरेझ आणि १९३८ पासून ग्रेगोरिओ फुएन्तेस. फुएन्तेस कोहीमार या हवानाजवळच्या कोळीवस्तीत राहत असे. २००२ मध्ये वयाच्या १०४ व्या वर्षी तो निवर्तला तेव्हा जगभरच्या वृत्तपत्रांनी त्याचे वर्णन 'सांतियागोचा मूळ नमुना' असे केले. या वर्णनात तथ्य किती यावर वाद आहे. परंतु ज्या माणसाने वीसहून अधिक वर्षे दुसऱ्याच्या बोटीवर पगारी काम केले, त्याला अखेरीस एकट्या, स्वतंत्र, कोणाचाही नोकर नसलेल्या म्हाताऱ्याची भूमिका मिळाली, हे बोलके आहे. पगारी तांडेल म्हणून त्याची आठवण ठेवणे जगाला पुरेसे वाटले नाही.

सुकाणूवरचा अनामिक

हेमिंग्वेला हे सारे ठाऊक नव्हते असे समजणे मात्र अन्यायाचे होईल. क्रीडा-मासेमारीवरील सर्वांत कठोर टीका त्याच्याच लेखनात आहे, आणि ती आहे तुलनेने दुर्लक्षित अशा 'टू हॅव अँड हॅव नॉट' (१९३७) या कादंबरीत. तिचा पहिला भाग कथा म्हणून १९३४ मध्येच प्रसिद्ध झाला होता. हॅरी मॉर्गन हा की वेस्टचा बोटमालक हवानामध्ये एका धनिक पाहुण्याला भाड्याने मासेमारीस नेतो. पाहुण्याचे नाव जॉन्सन. हॅरी सांगतो ते तो ऐकत नाही, आणि अखेर एका प्रचंड मार्लिनने ओढ घेतली तेव्हा त्याच्या निष्काळजीपणामुळे हॅरीची महागडी काठी आणि रीळ समुद्रात जाते. कित्येक दिवसांचे भाडे व साधनांची भरपाई उद्या देतो असे सांगून जॉन्सन विमानाने पसार होतो. हॅरीजवळ परतीच्या प्रवासापुरतेही पैसे उरत नाहीत. बेकायदा माणसे वाहून नेण्याच्या आणि त्यातून हत्येच्या मार्गाला तो लागतो, त्याचे कारण हे बुडालेले भाडे. क्रीडेच्या खुर्चीत बसलेल्या माणसाला जे एका दुपारचे अपयश आहे, ते बोटमालकाचे आयुष्य उलथून टाकते. हेमिंग्वेने इतका रोखठोक हिशेब पुन्हा कधी मांडला नाही.

याच प्रसंगात आणखी एक माणूस बोटीवर आहे. तो कृष्णवर्णीय असून आमिषे तयार करणे आणि सुकाणू धरणे ही त्याची कामे आहेत. हॅरी या भागाचा निवेदक आहे आणि तो या माणसाचा उल्लेख सतत वंशवाचक हीन शब्दाने करतो, नाव घेत नाही. टोनी मॉरिसन यांनी 'प्लेइंग इन द डार्क' (१९९२) या पुस्तकात या प्रसंगाचे केलेले विश्लेषण प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने मोलाचे आहे. सुकाणूवरच्या या माणसाला उडत्या माशांचा थवा प्रथम दिसतो. त्याने ओरडून तसे सांगणे स्वाभाविक होते. परंतु त्याला बोलू द्यायचे नाही म्हणून हेमिंग्वे वाक्य असे वाकवतो की, त्याने पाहिले आहे हे हॅरीने पाहिले, असा अवघड, जवळजवळ अव्याकरणिक अर्थ तयार होतो. एरवी साध्या वाक्याचा आग्रह धरणारा हा लेखक येथे अडखळतो, आणि मॉरिसन त्या अडखळण्यावर नेमके बोट ठेवतात.

मॉरिसन यांचे विवेचन वंशभेदाच्या अंगाने आहे आणि ते योग्यच आहे. त्यात एक भर घालता येईल. अनामिकाचे स्थान सुकाणूवर आहे, आणि क्रीडेच्या नियमात सुकाणूवरचे श्रम मोजलेच जात नाहीत. म्हणजे जो प्रथम पाहतो आणि बोट त्या दिशेने नेतो, त्याचे पाहणे भाषेतही नोंदले जात नाही आणि विक्रमाच्या वहीतही नाही. दोन्ही मौने एकाच जागी येऊन मिळतात. हॅरी स्वतः जॉन्सनच्या लेखी मोजला न जाणारा माणूस आहे. आपल्या बोटीवर तोही तेच करतो. कादंबरीचा उत्तरार्ध विस्कळीत आहे, धक्क्याला लागलेल्या विलासी नौकांची तिच्यातील चित्रे ढोबळ आहेत, हे समीक्षकांचे मत मान्य करूनही या पहिल्या काही पृष्ठांचे महत्त्व कमी होत नाही.

पत्रातला म्हातारा आणि कादंबरीतला म्हातारा

एप्रिल १९३६ च्या 'एस्क्वायर'मध्ये हेमिंग्वेने गल्फ स्ट्रीममधील मासेमारीवर एक पत्रलेख लिहिला. त्यात कार्लोसकडून आलेली एक हकीकत थोडक्यात दिली आहे. काबान्यास गावाजवळ होडीतून एकट्याने मासेमारी करणाऱ्या एका म्हाताऱ्याच्या गळाला प्रचंड मार्लिन लागला. माशाने होडी दूर समुद्रात ओढून नेली. दोन दिवसांनी, साठ मैल पूर्वेला, इतर कोळ्यांना तो सापडला. होडीला बांधलेल्या माशाचे डोके आणि पुढचा भाग तेवढा शिल्लक होता, आणि उरलेले वजनच ८०० पौंड भरले. कोळ्यांनी त्याला उचलले तेव्हा तो होडीत रडत होता, नुकसानीने अर्धवट वेडा झाला होता, आणि शार्क अजून घिरट्या घालत होते.

या हकिकतीत आणि १६ वर्षांनंतरच्या कादंबरीत जे बदल झाले ते पाहण्याजोगे आहेत. पत्रातल्या म्हाताऱ्याला इतर कोळी वाचवतात. सांतियागो स्वतः शीड लावून, दिव्यांच्या उजेडाच्या अंदाजाने बंदरात परततो. पत्रातला म्हातारा रडतो, आणि तो नुकसानीमुळे रडतो, म्हणजे पैशासाठी. सांतियागोचे दुःख माशाच्या विटंबनेचे आहे. आपण फार दूर गेलो, त्यामुळे दोघांचाही नाश झाला, असे तो माशाला उद्देशून म्हणतो. इतर होड्या आणि कोळ्यांचा शोध कादंबरीच्या कडेला ढकलला जातो. तटरक्षक आणि विमाने शोधत होती, हे मनोलिनच्या एका उत्तरातून तेवढे कळते. मनोलिन बरोबर असता तर, असे सांतियागो वारंवार म्हणतो. पण मुलगा बोटीवर नसणे ही कथानकाची अट आहे. तो असता तर त्याचा हात दोराला लागला असता.

कादंबरीचे सामर्थ्य मात्र याच अटीतून निर्माण होते हे नाकारण्यात अर्थ नाही. क्रीडेच्या बोटीवर जी कामे वाटून दिलेली असतात ती सगळी येथे एका म्हाताऱ्या शरीरात एकवटतात. दोर किती ताणाला सुटावा हे रिळाची कळ ठरवते. सांतियागोच्या बाबतीत ते त्याच्या बोटांना ठरवावे लागते. खुर्ची आणि पट्टा ताण सोसतात; तो दोर पाठीवरून घेतो आणि कातडी वाचवण्यासाठी खाली गोणपाट सरकवतो. दोर होडीला बांधून टाकला तर एका झटक्यात तुटेल, म्हणून माणसाने मध्ये राहणे भाग आहे. आमिषे ४०, ७५, १०० आणि १२५ वाव खोलीवर सोडलेली आहेत. मासा लागल्यावर उरलेले दोर कापून त्यांची वेटोळी राखीव म्हणून जोडायची, तेही अंधारात, एका हाताने. डावा हात वळतो, आखडतो, आणि म्हातारा त्याच्याशी बेइमान नोकराशी बोलावे तसे बोलतो. बोटीवर नोकर नाही, म्हणून स्वतःचा हातच नोकर झाला आहे. ही पृष्ठे लिहिणाऱ्याला खुर्ची, पट्टा, रीळ आणि सुकाणू यांचे प्रत्येकी काय काम असते ते अंगाने माहीत होते. त्याखेरीज त्यांचा अभाव इतका मोजून लिहिता आला नसता.

येथे एक आक्षेप विचारात घ्यायला हवा. क्यूबाचे कोळी लहान होड्यांतून हातदोराने मार्लिन धरीत असत, हे ऐतिहासिक वास्तव आहे. तेव्हा सांतियागोला क्रीडेची निर्मिती कसे म्हणावे? उत्तर असे की घटना कोळ्याची आहे, तिचा अर्थ लावणारी भाषा क्रीडेची आहे. मासा भाऊ आहे, थोर आहे, त्याला खाण्याची कोणाची लायकी नाही. आपण त्याला केवळ विकण्यासाठी व पोटासाठी नव्हे, तर अभिमानापोटी मारले. हे सांतियागोचे चिंतन झेन ग्रेच्या 'टेल्स ऑफ फिशेस'पासून (१९१९) सुरू झालेल्या क्रीडा-साहित्याच्या वळणाचे आहे. ग्रेने १९३० मध्ये ताहिती येथे १,००० पौंडांहून अधिक वजनाचा मार्लिन धरला होता. शार्कांनी त्याचे लचके तोडल्यामुळे तो विक्रम म्हणून मान्य झाला नाही. त्या माशाचे दुःखही असेच, बाजारभावाचे नसून विटंबनेचे होते.

तरीही कादंबरीत बाजारभाव आहे. मासा होडीला बांधल्यावर सांतियागो हिशेब करतो : वजन १,५०० पौंडांहून अधिक, त्यातले दोन तृतीयांश विक्रीयोग्य, पौंडाला तीस सेंट. हिशेबाला पेन्सिल हवी, असे म्हणून तो ते सोडून देतो. वाचकाने तो पुरा करायला हरकत नाही. रक्कम साधारण ३०० डॉलर होते. १९३४ मधील 'पिलार'ची किंमत अशा पंचवीस माशांची आहे, आणि ८४ दिवसांत सांतियागोला एकही मिळालेला नाही. या दोन आकड्यांमध्ये जे अंतर आहे ते अंतर ओलांडून हेमिंग्वेने लिहिले. ते अंतर त्याने कृतीत दाखविले असते तर कदाचित अधिक मोठी कादंबरी झाली असती. कदाचित ती कादंबरीच झाली नसती.

शार्क आल्यावर मासा दोन्ही खात्यांतून एकाच वेळी वजा होतो. बाजारात त्याला किंमत उरत नाही आणि क्रीडेच्या वहीत तो अपात्र ठरतो. हातदोराने धरलेला असल्यामुळे तो तसाही अपात्रच होता. शार्कांशी झालेल्या झुंजीत सांतियागोजवळ भाला, मग वल्ह्याला बांधलेली सुरी, मग सोटा, शेवटी सुकाणूचा दांडा एवढीच हत्यारे आहेत. बिमिनीची मशीनगन आठवली म्हणजे लेखकाने म्हाताऱ्याच्या हातातून काय काय काढून घेतले याची कल्पना येते. योगायोग असा की मार्लिनच्या बाबतीत पुढे क्रीडा आणि बाजार यांची कायद्यानेच फारकत केली : १९८८ पासून अमेरिकेत अटलांटिक महासागरातील मार्लिनच्या विक्रीस बंदी आहे, आणि स्पर्धांतून मासा धरून जिवंत सोडून देण्याची पद्धत रूढ झाली. सांतियागोचा हिशेब त्या किनाऱ्यावर आता करताही येणार नाही.

वगळलेली बोट परत येते

'द ओल्ड मॅन अँड द सी' ही मुळात समुद्रावरील एका मोठ्या लेखनप्रकल्पाचा भाग होती. त्या प्रकल्पातील उरलेला मजकूर हेमिंग्वेच्या मृत्यूनंतर १९७० मध्ये 'आयलंड्स इन द स्ट्रीम' या नावाने प्रसिद्ध झाला. त्याच्या 'बिमिनी' या पहिल्या खंडात थॉमस हडसनचा मुलगा डेव्हिड एका प्रचंड तलवार-माशाशी कित्येक तास झुंजतो. येथे बोट पुरी दिसते. बाप छतावरच्या सुकाणूवर आहे, मित्र मुलाच्या खुर्चीपाशी आहे, एडी हा बोटीवरचा आचारी आकडा घेऊन उभा आहे. मुलाचे हात-पाय रक्ताळतात तरी काठी कोणी हातात घेत नाही, कारण घेतली तर मासा त्याचा राहणार नाही. वडीलधाऱ्यांचे प्रेम आणि नियमाचे क्रौर्य एकाच फळीवर उभे असते. अखेरीस गळ सुटतो आणि खोल जाणाऱ्या माशामागे एडी आकड्यासह पाण्यात उडी घेतो. ज्याचे नाव नोंदीत कधीच येणार नव्हते त्याने घेतलेली ही उडी या लांबलेल्या कादंबरीतील सर्वोत्तम क्षण आहे. सांतियागोच्या कथेतून वगळलेली माणसे येथे परतली आहेत आणि त्यांच्यामुळे झुंजीची भव्यता कमी झालेली नाही. एकाकीपणाशिवाय महत्ता नाही, हा समज हेमिंग्वेच्याच लेखनाने खोडला जातो.

चित्रपटाने तर वगळलेली बोट शब्दशः परत आणली. १९५८ च्या चित्रपटात स्पेन्सर ट्रेसीने सांतियागोची भूमिका केली. मार्लिनच्या चित्रीकरणासाठी १९५६ मध्ये हेमिंग्वे पेरूमधील काबो ब्लांको येथे गेला होता. पण पडद्यावर जो मासा उसळतो त्यातली काही दृश्ये अल्फ्रेड ग्लासेल याने तेथेच ४ ऑगस्ट १९५३ रोजी धरलेल्या १,५६० पौंडांच्या विक्रमी मार्लिनची आहेत. काठी, रीळ, खुर्ची आणि मोटारबोट यांच्या साहाय्याने धरलेला मासा हातदोराच्या म्हाताऱ्याला उसना देण्यात आला.

मराठी वाचकाचा कोळी

मराठीत ही कादंबरी पु. ल. देशपांडे यांच्या 'एका कोळियाने' या अनुवादातून पोहोचली. शीर्षकाची निवड कल्पक आहे. पुन्हा पुन्हा पडूनही जाळे विणणाऱ्या कोळ्याची शालेय कविता मराठी वाचकाला त्यातून आठवते, आणि मासेमार व जाळे विणणारा असे 'कोळी' शब्दाचे दोन्ही अर्थ एकत्र येतात. तृतीयेतला कर्ता देऊन क्रियापद मात्र अध्याहृत ठेवले आहे; त्या कोळ्याने काय केले, हे वाचकाने पुस्तकातून भरून काढायचे. परंतु या निवडीने एक झुकावही निश्चित होतो. चिकाटीचा बोध वर येतो आणि मूळ शीर्षकातील म्हातारपण व समुद्र मागे पडतात.

शिवाय 'कोळी' हा शब्द मराठीत केवळ व्यवसायाचा वाचक नाही. त्यात जमात आहे, वस्ती आहे, तांडेल आणि खलाशी यांच्यात वाटला जाणारा हिस्सा आहे, आणि मासळी बाजारात नेऊन विकणारी बाई आहे. मुंबई-रायगडच्या किनाऱ्यावर धंद्याचा अर्धा भार तिच्यावर असतो. सांतियागोच्या खोपटात मात्र मृत पत्नीचे छायाचित्रसुद्धा भिंतीवरून काढून ठेवलेले आहे. मूळ इंग्रजीच्या अमेरिकन वाचकाला क्रीडा-मासेमारीचे जग परिचित असल्यामुळे त्या जगाची नीतिसंहिता म्हाताऱ्याच्या तोंडी ऐकू येण्याची शक्यता तरी असते. मराठी वाचकासमोर ते जग नसते. म्हणून ती संहिता त्याला कोळ्याचे सहज तत्त्वज्ञान वाटते, प्रसंगी भारतीय वळणाचे भूतदयेचे चिंतनही वाटते. अनुवादाचा हा दोष नव्हे. परंतु वर्गात ही कादंबरी शिकविताना 'टू हॅव अँड हॅव नॉट'चा पहिला भाग तिच्या शेजारी ठेवला, तर वाचन पुष्कळ बदलेल.

कृतीच्या आत मोटारबोटींचे जग अगदीच नाही असे नाही. शार्कच्या यकृतांना चांगला भाव होता तेव्हा ज्यांनी मोटारबोटी घेतल्या, ते तरुण कोळी समुद्राला पुल्लिंगी संबोधतात. सांतियागोला समुद्र स्त्रीलिंगी वाटतो. श्रीमंतांच्या बोटींवर बेसबॉलचे वर्णन ऐकण्यासाठी रेडिओ असतो, हेही तो बोलून जातो. आणि शेवटच्या पृष्ठावर प्रवासी येतात. उपाहारगृहातून खाली पाहताना एका बाईला बियरचे रिकामे डबे आणि मेलेले मासे यांच्यामध्ये एक लांब पांढरा कणा पाण्यावर हलताना दिसतो. हे काय, असे ती विचारते. वेटर काय घडले ते सांगू पाहतो, पण त्याच्या मोडक्या इंग्रजीतला 'शार्क' हा शब्द तेवढा तिला कळतो, आणि शार्कला इतके सुंदर शेपूट असते हे ठाऊक नव्हते, असे ती म्हणते. तिच्या सोबत्यालाही ते ठाऊक नव्हते. ज्या कोहीमारच्या बंदरात हेमिंग्वेची बोट येत-जात असे, त्याच बंदराचे हे चित्र आहे. त्यात होड्या आहेत, शीड गुंडाळलेली डोलकाठी आहे, सांगाडा आहे. काळ्या रंगाची, दोन इंजिनांची बोट मात्र कोठेही नांगरलेली दिसत नाही.